गोव्याच्या डोंगरपट्ट्यात गरवायला जायचंय? आधी पाणी ठरवा

गोव्यात मासा म्हटला की इसवण, बांगडा, तारली. बाजारात येतो तो समुद्र. पण सत्तरी, धारबांदोडा, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या गावांत वाढलेल्या माणसाला विचारा, तो कोंडीतल्या (नदीतल्या खोल डोहातल्या) थिगुराची, बंधाऱ्याखालच्या वामेची आणि मरळीची गोष्ट सांगेल. अलीकडे शहरातली तरुण मंडळी गरवायला, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे धरायला, रॉड घेऊन या बाजूला येऊ लागली आहेत. पणजी-मडगावहून येतात, सिंधुदुर्ग-बेळगावहून येतात, पुण्या-मुंबईहूनही येतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

नवख्यांचे बहुतेक प्रश्न रॉड कुठला, रीळ कितीचं, आमिष काय, असेच असतात. ती उत्तरं सोपी आहेत आणि पुढे देतोच. सहल बसते किंवा फसते ती मात्र त्याच्या आधीच, घरी बसून पाणी निवडताना. कुठलं पाणी, कुणाच्या ताब्यातलं, कुठल्या महिन्यातलं: हे तीन प्रश्न सुटले की निम्मं काम झालं.

पाणी कुणाचं, हे आधी

गोव्याचा नकाशा समोर घ्या. पूर्वेकडची सह्याद्रीची कड जवळजवळ सलग अभयारण्यांची आहे. उत्तरेकडून म्हादई, मग भगवान महावीर आणि मोले राष्ट्रीय उद्यान, त्याखाली नेत्रावळी, शेवटी खोतीगाव. मध्ये बोंडला. राज्याच्या एकूण ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी साधारण साडेसातशे चौरस किलोमीटर असं संरक्षित आहे. या हद्दीत गरी टाकायची नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथल्या माशालाही लागू आहे, आणि ‘एकच धरला, तोही सोडून दिला’ ही सबब चालत नाही. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळाजवळ ओढ्यात मासे अगदी पायाशी येतात. ते बघायचे आणि पुढे जायचं. नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीतही तेच.

आता पश्चिमेकडून बघा. भरतीचा परिणाम मांडवीत मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत गांज्यापर्यंत जाणवतो, आणि झुआरीत सुमारे ६५ किलोमीटर आत सांग्यापर्यंत. तिथवर खारं पाणी पोचतं असं नाही, पण पाण्याची उंची दिवसातून दोनदा वरखाली होते. त्याच्या खालचं गरवणं म्हणजे चणक, तांबोशे, काळुंदर यांचं. त्याची गणितं वेगळी, सामानही वेगळं.

म्हणजे अभयारण्याची खालची हद्द आणि भरतीची वरची हद्द यांच्यामधला एक चिंचोळा पट्टा उरतो. गोव्यातलं डोंगरपायथ्याचं गोड्या पाण्याचं गरवणं ते एवढंच. वाळपईच्या खालची म्हादई, खांडेपार नदीचा मधला भाग, सांगे-रिवणच्या बाजूची कुशावती आणि तिचे ओहोळ, काणकोणात तळपण आणि गालजीबाग नद्यांचे वरचे पण जंगलाबाहेरचे टप्पे. पट्टा लहान आहे म्हणूनच तो जपून वापरायला हवा.

या पट्ट्यातही पाण्याला मालक असतोच. नदीकाठची जमीन एखाद्या भाटकाराची (जमीनमालकाची), कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) किंवा देवस्थानाची असू शकते. काजूच्या भाटातून उतरून नदीवर जाताना कुंपण ओलांडलंत तर काजूच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, लोक साहजिकच संशयाने बघतात. देवराईला लागून असलेल्या कोंडीत गावकरी स्वतःही गरी टाकत नाहीत; तिथे विचारायलासुद्धा जाऊ नका. धरणं जलस्रोत खात्याकडे, आणि मासेमारीचे परवाने मत्स्योद्योग खात्याकडे. पणजीतल्या मत्स्योद्योग संचालनालयात आधी चौकशी करा, ज्या नदीवर जाणार तिचं आणि गावाचं नाव सांगा, आणि परवाना लागत असेल तर तो कागदावर घ्या. अभयारण्याची रेघ नेमकी कुठून जाते हे जवळच्या वन कार्यालयात विचारा. फोनवरच्या नकाशावर ती रेघ बऱ्याचदा दिसतच नाही, आणि ओढा ओलांडला की हद्द ओलांडली, असं सत्तरीत सहज होतं.

महिना

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि गोव्याच्या बहुतेक भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. घाटाकडे त्याहून बराच जास्त. हे सगळं पाणी थोडक्या अंतरात, डोंगरावरून थेट समुद्राकडे धावतं. आमच्या नद्या लांबीने लहान आणि उताराने तीव्र आहेत. म्हणून त्या तासाभरात चढतात.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. पहिलं कारण जिवाचं आहे, त्याबद्दल पुढे बोलू. दुसरं कारण माशांचं. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे उलट पोहत ओहोळांतून, शेतांतून, पाणथळीत वर चढतात. हेच चढणीचे मासे. पोटं गाबोळीने भरलेली असतात आणि अंडी घालायला उथळ, ताजं पाणी शोधत ते निघालेले असतात. रात्री बॅटरी आणि कोयते घेऊन ते मारायची जुनी पद्धत आहे. जेव्हा पाणी भरपूर आणि माणसं थोडी होती तेव्हा नदीने ते सोसलं असेल. आज बंधारे, सांडपाणी, खाणींचा गाळ आणि वाळूउपसा सोसून जो मासा वर पोचतो, त्याला तिथे मारणं म्हणजे पुढच्या वर्षीचं पाणी रिकामं करणं. नव्याने या छंदात येणाऱ्याने ही सवय लावूनच घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. कुणी नेतो म्हणाला तरी नको म्हणा.

ऑक्टोबरच्या शेवटापासून पाणी निवळायला लागतं. नवख्यासाठी सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर आणि डिसेंबर. पाणी वाहतं असतं, तळ दिसू लागलेला असतो, मासा पावसाळ्यात खाऊन-पिऊन धट्टाकट्टा झालेला असतो आणि काठावर बसणं सुसह्य असतं. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी इतकं स्वच्छ होतं की तुमची सावली पडली तरी मासा दडी मारतो. तेव्हा पहाट आणि संध्याकाळ एवढीच वेळ. मार्च ते मे नदी तुटून कोंडींमध्ये उरते. मासा कोंडलेला असतो म्हणून सहज लागतो. पण हाच मासा जूनमध्ये वर चढून अंडी घालणार असतो, हे लक्षात ठेवून हात आखडता घ्या.

याच दिवसांत, साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, बरेच ओहोळ वसंत बंधाऱ्यांनी अडवलेले असतात. फळ्या घातल्या की मागे संथ, खोल पाण्याचा साठा होतो. पहिल्यांदा गरवणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा नाही: सपाट काठ, गावाजवळ, पाण्याला ओढ नाही. फक्त फळ्यांवर चढून उभं राहू नका आणि कुळागरांना (माड-पोफळीच्या बागांना) पाणी सोडायच्या वेळा विचारून घ्या.

पहिल्या सहलीसाठी कुठे

पणजीकडून येत असाल तर वाळपईची बाजू घ्या. साखळीमार्गे किंवा फोंडा-उसगावमार्गे साधारण दीड तास. उस्ते, सोनाळ ही नावं राफ्टिंगमुळे ऐकलेली असतात, पण तो वरचा भाग जंगलाचा आहे. तुम्ही सावर्डे, गुळेली, गांजे हा खालचा टप्पा बघा. नदी इथे रुंद होते, वळणं घेते, वळणावर एका काठाला गोटे आणि दुसऱ्या काठाला खोल पाणी. कदंबच्या बसने वाळपईपर्यंत येता येतं. पुढे स्वतःचं वाहन किंवा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी.

मडगावकडून येणाऱ्यांना केपे-रिवणची कुशावती जवळ पडते. काठच्या जांभ्याच्या कातळावर पणसायमळला अश्मयुगीन कोरीव चित्रं आहेत, ती १९९३ साली उजेडात आली. त्या कातळावर सामान मांडू नका, गळ घासू नका. तिथून लांब, गावाच्या बंधाऱ्यापाशी बसा.

खांडेपार नदीवर ओप्याचा जलशुद्धीकरण प्रकल्प आहे. फोंडा आणि तिसवाडी ते पाणी पितात. त्याच्या आसपास कुठेही नाही. साळावली धरण बघायला जरूर जा, तो गोल सांडवा पावसाळ्यात भरून वाहताना बघण्यासारखा असतो. पाणी आटलं की मे महिन्यात बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. सोमेश्वराच्या देवळात तेव्हा विस्थापित कुर्डीकर जमतात. गरी टाकायचा विचार मात्र परवानगी हातात असेल तरच. दक्षिण गोव्याचं ते पिण्याचं पाणी आहे, आणि त्याचा एक काठ नेत्रावळीच्या जंगलाला लागतो. अंजुण्याचं धरण पहिल्या यादीतून काढूनच टाका. ते घाटाच्या कुशीत, अभयारण्याला लागून आहे.

चिरेखाणी आणि बंद पडलेल्या खाणींचे पाण्याने भरलेले खंदक यांचा मोह टाळा. वरून निळंशार, शांत पाणी दिसतं. कड सरळ कापलेली असते, पाय घसरला तर धरायला काही नसतं आणि पाणी काठापासूनच दोन-तीन माणसं खोल असतं. दर वर्षी गोव्यात अशा ठिकाणी माणसं जातात.

जागा नक्की केलीत की एकदा नुसतेच जाऊन या. गरी नको. वाटेत कुळागरात काम करणारे काका भेटतील, नदीवर कपडे धुणाऱ्या मावशी भेटतील. त्यांना विचारा: “काका, हांगा गरवलें तर चलता मूं?” नाही म्हणाले तर वाद घालू नका. हो म्हणाले तर ते पुढचं स्वतःहून सांगतात: कुठल्या दगडापलीकडे खोल आहे, कुठल्या कोंडीत भोवरा आहे, गवे कुठल्या वाटेने पाण्यावर येतात. एवढी माहिती तुम्हाला कुठल्याही दुकानात विकत मिळणार नाही.

सामान थोडंच

सहा-सात फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, २५०० मापाचं रीळ आणि ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनची दोरी). बस. गावातली मुलं साध्या बांबूच्या काठीला तंगूस बांधून तुमच्याइतकेच मासे काढतात, आणि बंधाऱ्यावर मी नवख्याला तीच काठी सुचवेन; रीळ गुंतण्याचा व्याप वाचतो. गळ लहान घ्या. छोट्या चंदेरी माशांना आणि काळुंदराला दहा-बारा नंबर, थिगूर-मरळीला चार-सहा. (नंबर वाढला की गळ लहान होतो, दुकानात गोंधळू नका.) दोन-तीन शिशाच्या गोळ्या, एक बूच किंवा मोरपिसाच्या काडीचं तरंगतं, एक नाकाड्या पक्कड, एक नखं कापायचं कटर.

गळ बांधणं घरी शिका, काठावर नाही. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, टोक चार बोटं बाहेर काढा, मुख्य दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, मग ते टोक डोळ्यालगतच्या पहिल्या फटीतून आत घाला आणि त्यानंतर जो मोठा फास तयार झालाय त्यातून परत काढा. ओढण्याआधी गाठ तोंडातल्या ओलाव्याने भिजवा. कोरडी ओढलीत तर घर्षणाने तंगूस तापतो, त्या जागी कमजोर होतो आणि मासा लागला की नेमका तिथेच तुटतो. वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. दिवा लावून, चष्मा लावून, रात्री टीव्हीसमोर हे करत बसा, हाताला सवय होते.

पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं जातं. आणि गळ बोटात गेला, जो कधीतरी जातोच, तर तो सरळ मागे निघतो. काटा असलेला गळ ओढून काढू नये, दवाखान्यात जावं.

आमिष म्हणजे गांडूळ. माडाच्या आळ्यात, शेणखताच्या ढिगाखाली, भिजलेल्या केळीच्या सोपटाखाली भरपूर मिळतात. नारळाच्या करवंटीत ओली माती घालून, वर पान झाकून न्या. काळुंदराला पावाचा ओला गोळा चालतो, छोट्यांना मळलेल्या कणकेची गोळी. मरळीला रबरी बेडूक. काठच्या गवतालगत टाकून थांबत थांबत ओढायचा.

काय लागेल, आणि ते कसं धरायचं

थिगूर चिखलाळ, संथ पाण्यातला. मिशा असतात, खवलं नसतात, अंग चिकट. छातीजवळच्या दोन परांत काटा असतो, तो लागला तर तासन्तास ठणकतं. परांच्या मागून दोन्ही बाजूंनी घट्ट धरा. लागलाच काटा तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की आराम पडतो, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी असू द्या. शिंगट्यांचंही असंच.

वाम सापासारखी लांब, तोंड टोकदार, पाठीवर बारीक काट्यांची रांग. ओल्या फडक्यात धरायची. दगडांच्या फटीत बसते. गांडूळ तळाशी सोडलंत की येते. काळुंदर चपटा, गोड पाण्यात आणि खाडीत दोन्हीकडे राहणारा. तिलापिया आता बहुतेक साठ्यांत पसरलाय. तो परका मासा आहे, पिल्लं भरमसाट होतात, त्यामुळे लागला तर परत सोडू नका, घरी न्या. धरणांत खात्यातर्फे सोडलेले रोहू-कटलाही असतात.

मरळीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कधी संथ पाण्यात, पृष्ठभागाजवळ, नारिंगी-तांबूस रंगाचा एक ढग हलताना दिसेल. नीट बघा, ती शेकडो इवली पिल्लं असतात. सगळी एकाच वेळी वर येऊन हवा घेतात आणि पाण्यावर पाऊस पडल्यासारखे बारीक ठिपके उठतात. त्यांच्या खाली, काळसर पाण्यात, आई-बाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकलात तर मरळ हमखास झडप घालते, भूक म्हणून नव्हे, पिल्लांवरचं संकट म्हणून. ती काढलीत तर ते सगळे ठिपके दोन दिवसांत दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. तिथून गरी उचला आणि पुढे जा.

सह्याद्रीच्या नद्यांतला खडस, म्हणजे महसीर, लागण्याचं भाग्य कुणाला आलं तर पाण्यातच ठेवून गळ काढा आणि सोडा. तो सावकाश वाढणारा मासा आहे. मोठा मासा म्हणजे बऱ्याच वर्षांची नदीची कमाई.

एक नियम मी सगळ्यांना सांगतो: एका घराला एका जेवणापुरते. बाकीचे ओल्या हातांनी, पाण्याबाहेर फार न ठेवता परत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्याला रोग लागतो.

स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तरी जिलेटिन, ब्लीचिंग पावडर, रामेठ्याचा पाला असे प्रकार कुठे ना कुठे चालतात. नदीत मेलेले छोटे मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले तर ते पाणी वापरू नका, मासा उचलू नका, गावच्या पंचाला आणि पोलिसांना कळवा.

काठावर पोचल्यावर

उजाडायच्या आत पोचा, साडेनऊपर्यंत गरवा, दुपारी सावलीत जेवा, चारनंतर पुन्हा बसा आणि काळोख पडायच्या आत रस्त्याला लागा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. संधिप्रकाशात गवे पाण्यावर येतात. त्यांची वाट अडवू नका, आवाज न करता बाजूला व्हा, आणि फोटोसाठी जवळ तर मुळीच जाऊ नका.

पोचल्याबरोबर पहिलं काम गरीचं नाही. पाण्याच्या अगदी कडेला एक काडी खोचा किंवा एक पांढरा गोटा ठेवा, आणि दर पाव तासाने बघा. काडी पाण्यात गेली तर सामान उचला. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते. ऑक्टोबरच्या दुपारी घाटमाथ्यावर गडगडलं, तर खाली ऊन असताना नदी चढू शकते. पाण्याचा रंग बदलतो, वाळकी पानं आणि काटक्या घोळक्याने वाहत येतात, खळखळीचा आवाज जड होतो. इथे पोरांना लहानपणीच सांगतात, “उदक तांबडें जालें काय भायर सर.” तांबडं झाल्यावर विचार करायचा नाही, वर चढायचं. नदीच्या मधल्या खडकावर किंवा बेटावर जाऊन बसणं म्हणूनच चूक. काठाला राहा, मागे चढायला मोकळी वाट असेल अशाच जागी.

धरणाच्या खालच्या नदीवर आणखी एक धोका. अंजुण्याचे दरवाजे उघडले की ते पाणी कोस्ती नदीतून वाळवंटीत, साखळीकडे येतं. साखळीकरांनी पूर पाहिलेत. पावसाळ्याच्या शेवटी धरणं भरलेली असतात, त्या दिवसांत खालच्या काठावर बसू नका. गांजे-उसगावच्या बाजूला भरतीची वेळ बघून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढतं आणि मागे राहिलेली वाट बुडते.

पाण्यात उतरू नका. गरवायला उतरावं लागत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी सगळ्यांना माहीत आहेत, आमठाण्याच्या धरणातही त्या दिसल्या आहेत. खोल, संथ पाणी आणि चिखलाचा काठ असेल तिथे काठापासून चार हात मागे बसा, मासा पाण्याच्या कडेला बसून साफ करू नका. हुर्राकाचे (काजूच्या दारूचे) दिवस असले तरी बाटली घरी ठेवा. नदीवर दारू आणि पाणी यांची गाठ पडली की काय होतं ते वर्तमानपत्रात येतच असतं.

पाणी वाचायला शिका. खळखळ जिथे संपते आणि पाणी काळोखं होतं, तिथे वरून वाहत आलेलं अन्न थांबतं. मासा तोंड प्रवाहाकडे करून तिथेच उभा असतो. मोठ्या खडकाच्या मागची शांत पट्टी, वळणाच्या बाहेरच्या बाजूची खोली, पाण्यात उतरलेली करंजाची किंवा वाळुंजाची मुळं: या जागा आधी. आमिष वरच्या बाजूला टाकून वाहत तिथपर्यंत जाऊ द्या. उभं राहायचं तर आडोशाने, कपडे मातकट रंगाचे. पाऊलही हळू टाका, काठ हादरला की मासा समजतो. बूच दोनदा थरथरलं की ओढू नका, ते चाखणं असतं. बूच तिरकं होऊन सरकायला लागलं की मनगटाने छोटा झटका. संपूर्ण हात फिरवलात तर गळ झाडात जातो.

आतल्या भागात फोनला रेंज नसते. घरच्यांना गावाचं नाव, परतायची वेळ आणि गाडीचा नंबर लिहून द्या. एकटे जाऊ नका. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. हात-पाय हलू न देता, माणसाला चालू न देता, जवळच्या आरोग्य केंद्रात न्या, रेंज आली की १०८. या भागात फुरसं, घोणस, मण्यार, नाग चारही आहेत. घोट्यापर्यंतचे बूट घाला, दगडाखाली हात घालून गांडुळं शोधू नका.

तुटलेला तंगूस खिशात घाला. ही बारीक गोष्ट वाटते, पण नदीकाठच्या झाडात अडकलेल्या तंगुसात पाय गुंतून मेलेला खंड्या एकदा बघितलात की विसरत नाही.

मासा घरी आणल्यावर

थिगूर-वामेचा बुळबुळीतपणा पाण्याने जात नाही. चुलीची राख चोळा, राख नसेल तर जाडं मीठ, आणि मग धुवा. गोड्या पाण्याच्या माशाला चिखलाचा वास असतो. मीठ, हळद आणि सोलांचं आगळ लावून अर्धा तास ठेवलं की तो जातो. लहान मासे कोवळे, काट्यांसकट खाण्यासारखे, रव्यात कुरकुरीत तळा. थिगुराचं सुकं हुमण करायचं तर मसाला तिखट ठेवा.

परतल्यावरचे दोन आठवडे

ही गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम. सत्तरीत २०१५ साली पाळी गावात माकडतापाची साथ आली, आणि तेव्हापासून या भागात तो माहीत झाला आहे. तो गोचिडीतून पसरतो, आणि त्याचा मोसम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका गरवण्याचा मोसम. लांब बाह्या, लांब पँट, पँटचे पाय मोज्यात खोवलेले. आरोग्य केंद्रात मिळणारं किंवा बाजारातलं कीटकरोधक तेल उघड्या अंगाला लावा. जंगलाकाठच्या पाचोळ्यावर बसू-लोळू नका, बसायला प्लास्टिक न्या. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला कळवा. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि अंघोळीला बसून काखा, गुडघ्याची लवण, कमरेचा पट्टा, कानामागची जागा तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग दुखणं सुरू होतं. पायाला जखम असताना चिखलात उतरला असाल तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिसचाही) विचार करावा लागतो. दोन्हींत साध्या तापाची गोळी घेऊन घरी पडून राहणं धोक्याचं. डॉक्टरांकडे जा आणि ते विचारायच्या आधीच सांगा: अमुक तारखेला सत्तरीत, किंवा सांग्याला, नदीकाठच्या जंगलात गेलो होतो. तुम्ही हे सांगितलंत तरच ते नेमकी रक्ततपासणी वेळेत लिहून देतील.